सर, तुमचा नंबर किती?

दोस्तांनो, प्रगतिपुस्तकं वाटायचा दिवस हा शाळेतला सगळ्यात शांत दिवस असतो. एरवी आठवडी बाजारासारखा गजबजलेला आमचा पाचवीचा वर्ग त्या दिवशी कसा चिडीचूप! गेल्या दिवाळीआधी असंच वाटप चाललं होतं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "सर, तुमचा नंबर किती होता?"

तिला म्हणायचं होतं, शाळेत असताना कितवा नंबर यायचा. पण माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "एकावन्न!"

सगळा वर्ग खो-खो हसला. मागून एकजण म्हणाला, "सर, वर्गात पोरं किती होती? एकावन्नच ना?"

आता काय सांगणार! एकावन्न हा माझा शाळेतला नंबर नव्हताच. तो होता कॉम्प्युटरमधला. आणि तो मी विसरलो नव्हतो, याचं मलाच नवल वाटलं. त्या दिवशी खेळाच्या तासाला पोरांनी हट्ट धरला, म्हणून त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यातून पुढे एक भानगड झाली, ती शेवटी सांगतो. आधी हकिगत.

आम्ही राहायचो धुळ्याला, देवपुरात. मामा जळगावला. सातवीची परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसायचं, पारोळा आणि एरंडोल मागे टाकून दुपारच्या जेवणाला मामाच्या घरी. २००३ चा मे महिना होता. माझा मामेभाऊ, मी त्याला दादाच म्हणायचो, गोलाणी मार्केटपासून जवळच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. मे महिन्यात जळगावात दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला. तेव्हा क्लासही बंद असायचा आणि किल्ली असायची दादाकडे. कूलर लावायचा, दार आतून ओढून घ्यायचं आणि शेवटच्या मशीनवर बसायचं.

दादानं कुठूनशी एक सीडी आणली होती. वर डबा नाही, चित्र नाही, नुसतं स्केचपेननं लिहिलेलं, 'एनबीए लाइव्ह २००३'. ती सीडी अस्सल नव्हती, हे आज कबूल करतो. तेव्हा अस्सल-नकली असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. दादाला बहुतेक माहीत असावं!

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यावरचे हे गेम दरवर्षी निघायचे. 'एनबीए लाइव्ह' या नावाचा पहिला गेम १९९४ मध्ये आला आणि त्याच्या नावात पुढच्या वर्षाचा आकडा होता, ९५. १९९९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं 'एनबीए टू-के' काढला. तेव्हापासून दोघांची चढाओढ. दरवर्षी नवा गेम, नव्या वर्षाचा आकडा. खेळाडूंनी संघ बदलले की गेममध्येही बदलायचे. कुणी म्हातारा झाला की गेममध्येही त्याचा वेग कमी व्हायचा. एक गंमत सांगू? १९९० च्या दशकात जगातला सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू होता मायकेल जॉर्डन, पण त्या वेळच्या गेममध्ये त्याचं नावच नसायचं! त्याच्या नावाचे हक्क वेगळे विकत घ्यावे लागत. मग त्याच्या जागी एक बिननावाचा खेळाडू उभा करायचे. नाव नाही, चेहरा नाही.

खरं सांगायचं तर मी तोवर बास्केटबॉलचा सामना पाहिलाच नव्हता. आमच्याकडे क्रिकेट, कबड्डी, खो-खो. बास्केटबॉलचा खांब धुळ्यात एका मैदानावर पाहिलेला, त्याला कुणीतरी दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. त्यामुळे सगळे नियम मी पडद्यावर शिकलो. चेंडू हातात घेऊन चालायचं नाही, आपटत न्यायचा. एकदा थांबवून धरला की पुन्हा आपटायचा नाही. लांबून टाकला तर तीन गुण. आणि सगळ्यात छळणारा नियम म्हणजे पडद्यावरचं ते चोवीस सेकंदांचं घड्याळ. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला.

"चोवीसच का रे दादा? वीस का नाही, तीस का नाही?"

दादालाही माहीत नव्हतं. पण तो मास्तर ना! "शोधून काढ," म्हणाला. मला ते सापडायला पुढे काही वर्षं गेली, पण उत्तर इतकं छान आहे की तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी असा काही नियम नव्हता. पुढे असलेला संघ चेंडू नुसता आपापसांत फिरवत बसायचा. १९५० मध्ये तर एक सामना १९ विरुद्ध १८ असा संपला, पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटांत दोघांचे मिळून सदतीस गुण! प्रेक्षक पार कंटाळले. तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू फेकतात. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. २,८८० भागिले १२०. करा बरं! १९५४ पासून हा नियम लागू झाला. भागाकाराचं शाब्दिक उदाहरण द्यायचं असलं की मी हेच देतो. पाच केळ्यांची किंमत काढून काढून पोरं कंटाळलेली असतात.

असो. मी चाललो होतो एकावन्नकडे.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूला आकडे असतात. वेग इतका, उडी इतकी, लांबून नेम इतका, आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा आकडा, नव्व्याण्णवपैकी. तुम्ही हल्ली मोबाइलवर जे गेम खेळता, त्यांतही असतो तो. शिवाय आपला स्वतःचा खेळाडू बनवता यायचा. नाव टाका, उंची टाका, आकडे टाका. मी काय केलं असेल? माझं नाव टाकलं, उंची सात फूट आणि प्रत्येक रकान्यात नव्व्याण्णव! पहिल्याच सामन्यात माझ्या एकट्याचे ऐंशी-नव्वद गुण झाले. दुसऱ्यात शंभर. तिसरा सामना मी अर्धाच खेळलो. मजाच येईना.

दादा मागे उभा राहून बघत होता. "भो," तो म्हणाला, "हा तू कुठे आहेस? खरं-खरं टाक की."

मग दोघांनी बसून माझा खरा खेळाडू बनवला. उंची गेममध्ये जेवढी कमी ठेवता येत होती तेवढी. वेग बरा, कारण देवपुरातल्या गल्लीत पकडापकडीत मी सहसा सापडायचो नाही. उडी कमी. ताकद? दादानं माझा दंड दाबून पाहिला आणि अगदी खालचा आकडा टाकला. नेमाच्या रकान्यावर मात्र आमचं भांडण झालं. मी कैऱ्या पाडण्यात पटाईत होतो आणि कैरीचा नेम इथे धरायला हवा असं माझं म्हणणं होतं. शेवटी थोडे वाढवून दिले. सगळं मिळून कॉम्प्युटरनं आकडा दाखवला, एकावन्न.

त्या वर्षी माझा एकावन्नवाला खेळाडू बहुतेक वेळ बाकावरच बसून राहिला. संघ जिंकत आला की शेवटचं एक मिनिट मी त्याला मैदानात उतरवायचो. सगळ्या सुट्टीत त्याचे गुण झाले नऊ. पण ते नऊ मला अजून आठवतात, आणि आधीच्या नव्व्याण्णववाल्याचे शंभर कसे झाले ते मुळीच आठवत नाही.

त्या सुट्टीतलाच एक प्रताप. मामीनं गच्चीवर बिबडे वाळत घातले होते आणि राखणीला आम्हां दोघांना बसवलं होतं. दादा म्हणाला, "एकच क्वार्टर खेळून येऊ." एकाचे चार झाले. परत आलो तर गच्चीवर कावळ्यांची पंगत! मामी कमरेवर हात ठेवून उभी. "काय करी राहिना रे भो तुम्ही दोघं?" एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की पुढचे दोन दिवस आम्ही क्लासकडे फिरकलो नाही. नंतर मी बिबडे लाटू लागलो, तेव्हा कुठे राग गेला.

नववीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा दादाकडे 'एनबीए लाइव्ह २००५' आला होता. मी आता पाच फूट तीन इंचांवर येऊन अडकलो होतो. वर्गातली पोरं ताडमाड वाढत होती आणि माझं मोजमाप दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या त्याच रेघेला वर्षभर. तेव्हा मी गेममध्ये एक उद्योग केला. प्रत्येक संघाची यादी उघडायची आणि सगळ्यात बुटका कोण ते शोधायचं. तीस संघ, पोरांनो! एक दुपार गेली. आणि डेन्व्हर नगेट्सच्या यादीत सापडला तो, अर्ल बॉयकिन्स. उंची पाच फूट पाच इंच.

मला आधी वाटलं, छापायची चूक असेल. पाच फूट पाच इंच म्हणजे माझ्याहून दोनच इंच उंच! वजन साधारण साठ किलो. आणि त्याच गेममध्ये सात फूट एक इंच उंच, दीडशे किलोच्या घरातला शकील ओनील. दोघं एकाच मैदानात. सामन्यात मी बॉयकिन्सला ओनीलच्या समोर नेऊन उभा करायचो आणि गेम थांबवून नुसता बघत बसायचो. त्याचं डोकं ओनीलच्या कोपराशी.

बॉयकिन्सची खरी गोष्ट दादानं कुठेतरी वाचून सांगितली. एनबीएत नवे खेळाडू निवडायची पद्धत अशी, की दरवर्षी सगळे संघ आळीपाळीनं एकेकाचं नाव पुकारतात. १९९८ मध्ये बॉयकिन्सचं नाव एकाही संघानं पुकारलं नाही. मग तो तात्पुरत्या करारांवर या संघातून त्या संघात हिंडत राहिला. डेन्व्हरमध्ये मात्र तो स्थिरावला आणि २००४ च्या नोव्हेंबरात, आदल्या वर्षीच्या विजेत्या डेट्रॉइट संघाविरुद्ध त्यानं एका सामन्यात ३२ गुण केले. इतक्या कमी उंचीच्या माणसानं एनबीएत एका सामन्यात तीस गुण ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

झालं! त्या दिवसापासून आमचा संघ डेन्व्हर. भूगोलाच्या पुस्तकात मी डेन्व्हर शोधलं. समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर उंचीवरचं शहर, म्हणजे आपल्या कळसुबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर अख्खं गाव वसलेलं. पाहुण्या संघांना तिथं धाप लागते म्हणे. इकडे आम्हांला धाप लागायची ती लोडशेडिंगनं. ब्याऐंशी सामन्यांचा मोसम असायचा. आम्ही एकेक क्वार्टर वाटून घ्यायचो, एक त्याचा, एक माझा. मोसम रंगात आलेला, बॉयकिन्स चेंडू घेऊन निघालेला, आणि फट्! कूलरचा पंखा घरघरत थांबायचा. यूपीएस कुँ-कुँ करायला लागला की जेमतेम तीन-चार मिनिटं हातात. तेवढ्यात सामना साठवता आला तर आला. एकदा एकोणसाठ सामने झालेला मोसम असाच गेला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणतो नव्हतं. होतं.

२००६ मध्ये मी दहावी झालो आणि दादा नोकरीला पुण्याला गेला. नवा गेम आता फक्त दिवाळीत, तो भाऊबीजेला घरी आला की. २००८ चा गेम आला. मी सवयीनं डेन्व्हरची यादी उघडली, तर बॉयकिन्स नाही! वर-खाली दोनदा पाहिलं. २००७ च्या जानेवारीतच डेन्व्हरनं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं आणि आम्हांला पत्ताच नव्हता. आमच्याकडच्या जुन्या सीडीत तो मजेत डेन्व्हरकडून खेळत होता!

मग बारावी, मग डी.एड. कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब होते आणि खोलीत एक चेंडूही होता. पाच-सहा वर्षं पडद्यावर खेळलेलो मी छाती पुढे काढून मैदानात उतरलो. कोणी कुठे पळायचं, कोणी कोणाची वाट अडवायची, मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या. आणि खेळ सुरू झाल्यावर चेंडू पहिल्यांदा माझ्याकडे आला तो थेट नाकावर. अहो, सव्वासहाशे ग्रॅमचा चेंडू! पडद्यावर त्याला वजन नव्हतं. आपटत पळावं तर नजर चेंडूवरून हटेना, आणि नजर चेंडूवर ठेवावी तर समोरचा कधी येऊन घेऊन गेला ते कळेना. बास्केट दहा फुटांवर. कडं चेंडूच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे हे मला तोंडपाठ होतं, तरी पहिल्या दिवशी पंचवीस-तीस फेकींत एकही आत नाही. दुसऱ्या दिवशी पिंडऱ्या अशा दुखत होत्या की पाठाचं निरीक्षण मी भिंतीला टेकून केलं. मित्र मला 'कोच' म्हणायला लागले. खेळाडू कोणी म्हणालं नाही.

२०१० ला डी.एड. झालो. आता पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो लांब आहे आणि त्यात काही घडत नाही. शिक्षकांची भरती रखडली. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. डी.एड. झालेल्या पोरापोरींची संख्या मोठी आणि जागा निघत नव्हत्या. मी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायचो, दुपारी वाचनालयात पेपर चाळायचो. शिकवणीच्या पैशांतून एक जुना लॅपटॉप घेतला आणि एक गेम घेतला, 'एनबीए टू-के १२'. या वेळी अस्सल, डब्यासकट. पहिल्यांदा असा डबा हातात घेतला तेव्हा कोण आनंद! 'एनबीए लाइव्ह' तोवर कॉम्प्युटरवर यायचा बंद झाला होता. रात्री जेवण झालं की एक सामना. आई म्हणायची, "झोप रे आता." वडील काही म्हणायचे नाहीत. ते काही म्हणायचे नाहीत हेच जास्त लागायचं.

फेब्रुवारी २०१२ ची गोष्ट. वाचनालयात पेपरच्या खेळाच्या पानावर एक छोटी बातमी दिसली. जेरेमी लिन नावाचा एक खेळाडू. आईवडील मूळचे तैवानचे, पोरगा हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला. २०१० मध्ये याचंही नाव कोणी पुकारलं नव्हतं. २०११ च्या डिसेंबरात दोन आठवड्यांत दोन संघांनी त्याला काढून टाकलं. मग न्यूयॉर्कनं घेतलं, तेही बाकावर बसायला. राहायला जागा नाही म्हणून भावाच्या घरी कोचावर झोपायचा. न्यूयॉर्कचे नेहमीचे खेळाडू दुखापतींनी बसले, म्हणून ४ फेब्रुवारीला त्याला जरा जास्त वेळ मैदानात उतरवलं, तर त्यानं २५ गुण केले. १० तारखेला कोबी ब्रायंटच्या लेकर्सविरुद्ध ३८! १४ तारखेला टोरोंटोत सामना बरोबरीत, अर्धा सेकंद उरलेला असताना लांबून तीन गुणांची फेक आत. सलग सात सामने संघ जिंकला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा.

मी सायकल दामटत घरी आलो. लॅपटॉप उघडला, लिनला शोधलं. माझा गेम होता २०११ च्या ऑक्टोबरातला. त्यात लिन होता गोल्डन स्टेट संघात, यादीत पार खाली. आकडा असा की त्याला मैदानात उतरवायचं कुणाच्या मनातही येऊ नये. माझ्याही आलं नव्हतं! चार महिने रोज गेम खेळून मी त्याच्या नावावरून कितीदा खाली-वर गेलो असेन. ज्यांच्याकडे इंटरनेट होतं, त्यांना कंपनी नवे आकडे पाठवत असे. माझ्या लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं. त्यामुळे तिकडे न्यूयॉर्कमध्ये लोक लिनच्या नावाच्या बनियनी घालून नाचत होते आणि धुळ्यात माझ्या खोलीत तो बाकावर बसलेला होता. तो शेवटपर्यंत तिथेच बसला. मी मुद्दाम रोज त्याला मैदानात घेऊ लागलो, पण गेम त्याला त्याच्या आकड्याप्रमाणेच खेळवायचा. फेकलेला चेंडू कड्यावरून परत यायचा.

हे आकडे ठरवतं कोण, ठाऊक आहे? माणसंच. कंपनीत त्याच कामाला माणसं नेमलेली असतात. ती सामने बघतात, मागच्या मोसमाची आकडेवारी बघतात आणि ठरवतात. दरवर्षी नवे आकडे जाहीर झाले की खुद्द एनबीएचे खेळाडू चिडतात, "मला एवढेच?" म्हणून. कोट्यवधींची कमाई असलेले, सहा-सहा सात-सात फुटांचे बाप्ये, बरं का!

२०१७ च्या डिसेंबरात शिक्षकांसाठी अभियोग्यता चाचणी झाली, दोनशे गुणांची. मला ११४ पडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'पवित्र' पोर्टलवरून निवड झाली आणि मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. महिना सहा हजार. वडील मला एसटीत बसवायला आले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "गेम घेतला का सोबत?"

घेतला नव्हता. माझं मन त्यावरून आधीच उतरत चाललं होतं. टू-केत नंतर एक नवीच पद्धत निघाली. आपला खेळाडू सुधारायला नाणी लागायची. खेळून ती थोडी-थोडी मिळायची, पण खरे पैसे मोजून सरळ विकतही घेता यायची. पैसे टाका, आकडा वाढवा. माझ्या एकावन्नला नऊ गुण करायला सगळी सुट्टी लागली होती. दादाला फोनवर म्हटलं, तर तो म्हणाला, "आता तू म्हातारा झालास." असेनही. त्याच वर्षी ४ आणि ५ ऑक्टोबरला एनबीएचे दोन खरे संघ, सॅक्रामेंटो आणि इंडियाना, मुंबईत वरळीला सरावाचे सामने खेळले. भारतात पहिल्यांदाच. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे, जन्मानं मुंबईकर. पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत बहुतेक शाळेची पोरं होती आणि इंडियाना जादा वेळेत एका गुणानं जिंकला, १३२ विरुद्ध १३१. मला रजा नव्हती. निकाल मी फोनवर पाहिला, शाळेच्या ओट्यावर बसून.

आता ती भानगड.

आमच्या शाळेत लिंबाच्या झाडाशेजारी एक लोखंडी खांब आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी त्याला कडं जोडून दिलं, आठ फुटांवर, म्हणजे पोरांना पुरेल असं. पैसे घेतले नाहीत. पोरं मधल्या सुट्टीत तिथेच. त्या दिवशी मी एकावन्नची गोष्ट सांगितली आणि तिसऱ्या दिवशी किचनशेडच्या मागे गेलो, तर भिंतीवर खडूनं यादी. वर्गातल्या सगळ्यांची नावं आणि पुढे आकडे! ८८, ७४, ६५. मुलींतल्या एकीला ९१, आणि ती खरंच तशी खेळते. कोणी ठरवले आकडे? दोघा-तिघा धिटाईच्या पोरांनी. पार खाली एका मुलाच्या नावासमोर लिहिलं होतं, १२.

तो मुलगा तसा मागेच राहणारा. आईवडील ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ. दोन दिवस तो कड्याकडे फिरकला नव्हता, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचं प्रगतिपुस्तक मी काढून पाहिलं. नोंदीत माझ्याच अक्षरात होतं, 'खेळात रुची कमी.'

ही यादी पोरांनी लिहिली, पण शिकवली कोणी? मीच ना! नुसतं पुसून टाकावं, असं आधी वाटलं. हातात फडकंही घेतलं होतं. मग पोरांना बोलावलं. म्हटलं, "माझं नाव का नाही यात? लिहा." पोरं आधी लाजली. मग मला चेंडू दिला. मी दहा टाकले, दोन आत गेले. बराच खल झाला आणि मला ३१ मिळाले. मी म्हटलं, "ठीक. पण एक राहिलं. गेमच्या नावातच वर्ष लिहिलेलं असतं की नाही, २००३, २००५? इथे तारीख कुठे आहे?" आणि खडू घेऊन यादीच्या वर त्या दिवसाची तारीख टाकली.

"म्हणजे सर, उद्या परत लिहायचं?" ९१ वालीनं विचारलं. तिला काळजी स्वतःची!

"तुम्ही बघा," मी म्हटलं.

प्रगतिपुस्तकातली नोंद मात्र शाईची होती. ती मी खोडली नाही, खाली पुढच्या सत्राची जागा मोकळी आहे.

शनिवारी आमची सकाळची शाळा. मी सातला पोचलो, तेव्हा फाटक उघडायचं होतं आणि तो बाहेर दगडावर बसला होता. भिंतीकडे गेला नाही, यादीचं नावही काढलं नाही. मी कुलूप काढलं तसा म्हणाला, "सर, बॉल."

बॉल दिला. त्यानं तो एकदा आपटला, तर अर्धाच वर आला. हवा गेली होती. पंप कपाटात होता. मी आणायला आत गेलो.